सेंट मेरी चर्च: क्राकुफचं की ग्दान्स्कचं?

पोलंडमध्ये एकच गॉथिक चर्च पाहायची सवड असेल, तर माझं मत क्राकुफला. तिथल्या वेदीवरची लाकडी शिल्पं शिल्पकार फाइट श्टोसने १४७७ ते १४८९ अशी बारा वर्षं खपून कोरली. प्रेषितांच्या हातांवरच्या फुगलेल्या शिरासुद्धा दिसतात. दुपारी बाराच्या जरा आधी वेदीची दारं उघडतात, तेव्हा आत असावं. (होय, पर्यटकांना तिकीट आहे.) वर निळं, चांदण्यांचं छत. दर तासाला मनोऱ्यावरून तुतारी वाजते आणि सूर परंपरेप्रमाणे मध्येच तुटतो.

ग्दान्स्कचं चर्चही विटांचंच, आकाराने कितीतरी मोठं, पण आतून पांढरंफटक. १९४५च्या आगीत छताचा मोठा भाग कोसळला. चित्रकार मेमलिंगच्या ‘लास्ट जजमेंट’चं मूळ चित्र संग्रहालयात, इथे प्रतिकृती. मनोऱ्याच्या चारशेच्या आसपास पायऱ्या चढायचा दम असेल आणि पंधराव्या शतकातलं खगोलीय घड्याळ बघायचं असेल, तर मात्र ग्दान्स्क.