पश्चिमेच्या खिडक्यांना घरीच केलेल्या ऊनजाळ्या: आठ महिन्यांनंतर

सांगलीत विश्रामबागला आमचा फ्लॅट आहे. दुसरा मजला, वर थेट गच्ची, आणि तीन खिडक्या पश्चिमेला. मार्च उजाडला की दुपारी तीननंतर हॉलमध्ये बसवत नाही. छज्जा आहे, पण तो डोक्यावरचं ऊन अडवतो; कलतं ऊन त्याच्या खालून सरळ आत येतं. बरीच वर्षं जाड पडद्यांवर भागवलं. खोलीत अंधार व्हायचा, पण पडद्याला हात लावला तर तो तापलेला. ऊन काचेतून एकदा आत आलं की पडदा ते अंगावर घेणार आणि ती धग खोलीतच सोडणार. अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवायला हवं.

हे मला नीट कळलं तासगावकडच्या एका बेदाणा शेडमध्ये. द्राक्षं उन्हात वाळवली तर बेदाणा तपकिरी पडतो, म्हणून शेडला शेडनेट, म्हणजे सावलीसाठीची प्लास्टिकची विणलेली जाळी, लावलेलं असतं. भर दुपारी आत उभा राहिलो तर वारा लागत होता आणि ऊन टोचत नव्हतं.

मार्चमध्ये सामान आणलं. ७५ टक्के ऊन अडवणारं शेडनेट, मच्छरजाळीच्या फ्रेमला वापरतात तो अ‍ॅल्युमिनियमचा सेक्शन (खाच असलेली पट्टी), कॉर्नर, खाचेत दाबायचं रबर आणि छोटा रोलर. सगळ्याचे मिळून ३,२०० रुपये झाले.

पहिली फ्रेम वाया गेली. खिडकी चार बाय चार फुटांची. नेट ताठ बसावं म्हणून मी जोर लावून ओढलं आणि रबर दाबलं, तर चारही बाजू मधोमध आत वाकल्या. चूक दोन ठिकाणी होती. एवढ्या मापाला मध्ये आडवी पट्टी हवीच. आणि नेट ओढायचं नसतं. सपाट अंथरून समोरासमोरच्या बाजू आळीपाळीनं दाबत जायचं, रबरच त्याला पुरेसा ताण देतं. रबर दाबण्याआधी दोन्ही कर्ण टेपनं मोजा. ते सारखे भरले तरच फ्रेम काटकोनात आहे. शिवाय फ्रेम खिडकीच्या मापापेक्षा चार-पाच मिलिमीटर लहान ठेवा, नाहीतर बसवताना अडकते.

आमच्याकडे ग्रील बाहेर आणि सरकत्या काचा आत, मध्ये तीनेक इंच जागा. काचांची झडपं उचलून ट्रॅकमधून काढली, फ्रेम त्या जागेत उभी केली आणि आतूनच ग्रीलला बांधली. बाहेर वाकावं लागलं नाही. ग्रील आत असेल तर ही पद्धत चालणार नाही, आणि वरच्या मजल्यावर बाहेर लोंबकळून हे काम करूच नका.

बांधायला मी प्लास्टिकचे केबल टाय वापरले, ते चुकलं. मेच्या अखेरीस ते उन्हानं कडक झाले होते. वळवाच्या वाऱ्यात एका रात्री तटातट तुटले आणि फ्रेम पहाटेपर्यंत काचेवर आपटत राहिली. आता बाइंडिंग वायरनं बांधल्या आहेत आणि ग्रील-फ्रेमच्या मध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातलेत. पावसाळाभर आवाज नाही.

गुण आला का? एप्रिलमध्ये आठवडाभर फक्त बेडरूमला जाळ्या ठेवल्या, हॉल उघडा. संध्याकाळी पाचला साध्या थर्मामीटरवर दोन्ही खोल्यांत रोज तीनेक अंशांचा फरक दिसायचा. आकडा छोटा वाटेल, पण पंख्याखाली बसल्यावर तो अंगाला कळतो, आणि फरशी तापत नाही हे तर अनवाणी पायालाच समजतं. रात्री मात्र स्लॅब तापलेला असतो. त्यावर जाळीचा काही इलाज नाही.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. २१ मार्चनंतर सप्टेंबरपर्यंत सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला सरकून मावळतो. त्यामुळे मे महिन्यात स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या खिडकीतूनही संध्याकाळचं ऊन थेट ओट्यावर येत होतं. चौथी जाळी तिथं केली. त्या खिडकीशी बसून आई तांदूळ निवडते. जाळीमुळे तिला सकाळीही ट्यूबलाइट लावावी लागायची. आईचं म्हणणं रास्त होतं, म्हणून ती जाळी दोनच तारांवर ठेवली आहे, दुपारी लावतो, सकाळी काढतो.

रंगाबद्दल एवढंच, की हिरवं नेट घेऊ नका. एका खिडकीला लावलं होतं, सगळी खोली हिरवट दिसायची, भाजी ताजी आहे का तेही कळेना. काळ्यातून बाहेरचं स्पष्ट दिसतं. रात्री दिवे लावले की उलट होतं, बाहेरच्याला आतलं दिसतं, त्यामुळे पडदे काढून टाकता येत नाहीत. डास अडत नाहीत, भोकं मोठी आहेत. कबुतरं मात्र खिडकीत बसायची थांबली.

सध्या ऑक्टोबरची धग सुरू आहे, म्हणून चारही जागेवर आहेत. दिवाळीनंतर हॉलची एक काढून गच्चीवर पाइपनं धुणार आहे. धूळ इतकी बसली आहे की वाराही अडायला लागलाय.