लॅमिंग्टन रोडची पोलरायझर शीट, मुलांना शिकवत असाल तर घ्याच

ग्रँट रोड स्टेशनला ईस्टला उतरून लॅमिंग्टन रोडवर एलसीडी टीव्हीचे पार्ट विकणारी दुकानं आहेत ना, तिथे ही शीट मिळते, म्हणजे एकाच दिशेने थरथरणारा प्रकाश आरपार सोडणारी पातळ प्लास्टिकची शीट. दुकानदाराने आधी विचारलं "किती इंचाचा टीव्ही?", मी म्हटलं दादा टीव्हीला नको, पोरांना तारे कसे बनतात ते शिकवायचंय, तरी बिचाऱ्याने नीट कापून दिली आणि दोन तुकडे एकमेकांवर फिरवून दाखवले पण.

मोबाइलच्या स्क्रीनसमोर धरून फिरवली की एका अँगलला बऱ्याच फोनची स्क्रीन काळी होते, पोरं वेडी होतात. आणि हाच खेळ अ‍ॅस्ट्रॉनॉमर आकाशात करतात हो! ताऱ्याचा प्रकाश धुळीच्या ढगातून येताना थोडा पोलराइज होतो, म्हणजे एका दिशेला जास्त थरथरतो, हे हिल्टनर आणि हॉल यांनी १९४९ साली दाखवलं. ते कण तांदळाच्या दाण्यासारखे लांबट असतात आणि मॅग्नेटिक फील्डला आडवे राहतात, लांब बाजूने प्रकाश जास्त अडतो, म्हणजे जो उरतो तो फील्डच्याच दिशेने झुकलेला, मग शेकडो ताऱ्यांचे अँगल मोजले की ढगातल्या फील्डचा नकाशाच तयार. तीच थंड धूळ सबमिलिमीटरमध्ये (एक मिलिमीटरपेक्षा थोड्या छोट्या, डोळ्याला न दिसणाऱ्या लहरींत) स्वतः चमकते तेव्हा मात्र दिशा ९० अंशांनी फिरलेली, प्लांक सॅटेलाइटने ३५३ गिगाहर्ट्झला अख्ख्या आकाशाचा असा नकाशा केलाय. मला सगळ्यात भारी वाटतं ते चंद्रशेखर आणि फर्मी यांचं १९५३ चं काम, अँगल जितके विस्कटलेले तितकं फील्ड कमजोर, त्यात गॅसची घनता आणि त्याच्या आतल्या खळबळीचा वेग घातला की फील्डची ताकदच निघते, आणि ढग कोसळून तारा होणार की फील्ड त्याला धरून ठेवणार हे त्यावर बरंच ठरतं.

पण गच्चीवर जाऊन शीटमधून तारे बघाल तर काही दिसणार नाही, ताऱ्यांचं पोलरायझेशन बहुतेक वेळा टक्का-दोन टक्केच असतं, ते डोळ्याला कळत नाही. त्यासाठी जुन्नरजवळच्या गिरवलीला आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेचा २ मीटरचा आहे तसा टेलिस्कोप आणि पोलारिमीटर (पोलरायझेशन मोजायचं यंत्र) लागतो.

दोन तुकडे आडवे-उभे धरले की खरं तर काळोख व्हायला हवा, तरी कडक बल्ब किंचित निळा-जांभळा दिसतोच, शिकवायला तेवढं चालतं. खरी कटकट गमची, टीव्हीवाल्या शीटला एका बाजूने गम असतो, कव्हर निघालं की बोटं, धूळ सगळं चिकटतं आणि शीट वाया. आधीच "बिना गमवाली" म्हणून मागा, आणि रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.