लातूरची ती लॅब, जिथं आधी विचारतात ‘काल किती पळलास?’

जानेवारीत आमच्या एका पोराची आई रिपोर्ट घेऊन भल्या सकाळी माळावर आली. एसजीओटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीत बघतात ते एन्झाइम, 142; असायला पाहिजे साधारण चाळीसच्या आत. अंग फार दुखतंय म्हणून कुठंतरी रक्त तपासलं होतं. तिथं सांगितलं, लिव्हरला सूज आहे, महिनाभर पळणं बंद. भरतीचं ग्राउंड तीन आठवड्यांवर आलेलं. माऊलीच्या डोळ्यांचं पाणी थांबेना.

मी फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो. रेणापूर तालुक्यातल्या आमच्या गावात पोलीस भरतीची पोरंपोरी पहाटे पाचला पळवतो. फी घेत नाही. त्या दिवशी त्या पोराला गाडीवर घालून लातूरला अंबाजोगाई रोडवरच्या एका लॅबमध्ये नेलं. तेव्हापासून माझी सगळी लेकरं तिथंच तपासतो. लॅब चालवणाऱ्या मॅडमना स्वतःचं नाव कुठं आलेलं आवडत नाही, म्हणून पाटीवरचं नाव इथं देत नाही. कुणाला गरज असेल तर मला विचारा, पत्ता सांगतो.

मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पोराला विचारलं, “रक्त दिलंस त्याच्या आदल्या दिवशी काय केलं होतंस?” पोरगं म्हणालं, तीनशे बेडूकउड्या. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्या उड्या मीच मारायला लावल्या होत्या.

“मेजर, एसजीओटी नुसतं लिव्हरमध्ये नसतं, मांडीच्या स्नायूतही असतं. स्नायू फाटला की ते रक्तात उतरतं.” त्यांनी सीपीके आणि जीजीटी लावलं. सीपीके स्नायूचं, ते साधारण दोनशेच्या आत असायला पाहिजे, आलं 4,300. जीजीटी लिव्हरचं, ते अगदी नॉर्मल. मॅडमनी स्वतः निदान केलं नाही. दोन्ही रिपोर्ट देऊन आम्हाला फिजिशियनकडं पाठवलं, आणि जाताना पोराला बजावलं, भरपूर पाणी पी, आणि लघवी काळपट चहासारखी झाली तर रात्र असो की दिवस, दवाखाना गाठ, किडनीवर येतं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. नवव्या दिवशी एसजीओटी 38. पोरगं ग्राउंडला उतरलं.

रक्त घेण्याची पद्धतही बघण्यासारखी आहे. दंडाला पट्टा बांधला की मॅडम म्हणतात, मूठ उघड-बंद करू नको, पोटॅशियम खोटं वाढतं. शीर सापडली, रक्त यायला लागलं, की पट्टा लगेच सुटतो. साखरेची करड्या झाकणाची नळी वेगळी, कारण साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात. सीरमची नळी अर्धा तास उभी ठेवून, रक्त नीट गोठल्यावरच मशीनमध्ये फिरवतात. घाई करा म्हटलं तरी करत नाहीत. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांची असते, मशीनवर मात्र मॅडमच.

हे सगळं कुठून आलं, ते एकदा पाऊस लागल्यामुळं दोन तास तिथं बसून राहिलो तेव्हा कळलं. मॅडम औसा तालुक्यातल्या. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात घर गेलं तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. पत्र्याच्या शेडमधून दूरच्या शाळेत पळत जायच्या, तिथंच पायाला वेग आला. पुढं कॉलेजात 800 मीटर, विद्यापीठाच्या संघात निवड. आणि मग एका वर्षी दुसऱ्या फेरीत पाय चालेनात, धाप लागायची, डोळ्यांपुढं अंधारी. सगळे म्हणाले, मन लागत नाही पोरीचं. संघातून नाव गेलं. त्यांनाही ते खरंच वाटलं.

दोन वर्षांनी एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकानं आपापल्या बोटाचं रक्त घेऊन हिमोग्लोबिन काढायचं होतं, जुन्या साहलीच्या नळीत. आम्लात रक्त टाकलं की तपकिरी होतं. मग थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचं. मैत्रिणींच्या नळ्यांत पाणी चढत होतं, चढत होतं. यांच्या नळीत थोड्याच थेंबांत रंग जुळला. 7.4. बाईंना पाहिजे किमान 12. “त्या दिवशी मला कळलं की माझं मन बरोबर होतं, रक्त कमी होतं,” असं म्हणून मॅडम उठल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

म्हणून पोरींच्या बाबतीत त्या फार बारीक बघतात. आमच्या एका पोरीचं हिमोग्लोबिन 12.1 होतं, मी निश्चिंत. मॅडमनी फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करायला लावलं, ते आलं 9. म्हणाल्या, दुकानात माल दिसतोय पण गोदाम रिकामं आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानं लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. भाकरीबरोबरचा चहा बंद केला, कारण चहा लोह शोषू देत नाही. वरणावर लिंबू पिळायला लावलं. तीन महिन्यांनी फेरिटिन 31, आणि 800 मीटर 3:12 वरून 3:01 वर.

दुसरी गोष्ट डब्यांची. जिममधून कुणीतरी दिलेला बिनबिलाचा पावडरचा डबा घेऊन आमची दोन पोरं गेली होती. मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवून मानफ्रेड डोनिकेची गोष्ट सांगितली. हा जर्मन सायकलपटू 1960 आणि 1961 च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत उतरला, आणि पुढं रसायनशास्त्रज्ञ होऊन कलोनच्या क्रीडा विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीची संस्था चालवू लागला. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये डोपिंगची तपासणी करणाऱ्यांत तो होता. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ताकद वाढवायला काही खेळाडू चोरून घेतात ते पुरुषी हार्मोन, तर प्रत्येकाच्या अंगात असतं, मग बाहेरून घेतलेलं ओळखायचं कसं? त्यानं लघवीत त्याच्या जोडीचं एपिटेस्टोस्टेरॉनही मोजलं. बाहेरून घेतलं की एकच वाढतं, दुसरं वाढत नाही. सहापट फरक दिसला की पकड. आता ती मर्यादा चारवर आणली आहे. 1983 मध्ये व्हेनेझुएलातल्या काराकासच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत त्याच्या तपासणीचा इतका धसका बसला की काही खेळाडू न खेळताच घरी परतले. पोरं ऐकत राहिली. डबा तिथंच टेबलावर सोडून आली.

आता उणं. जिना अरुंद आणि उभा, म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात. बसायला एकच बाकडं. फेरिटिन फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी लावतात, त्यामुळं रिपोर्टला चार-चार दिवस. फोन बहुतेक वेळा उचलत नाहीत. रिपोर्ट बारीक इंग्रजी अक्षरात, खेड्यातल्या आईबापाला त्यातलं काही कळत नाही. मराठीत दोन ओळी लिहून द्या म्हणून मी तीनदा सांगितलंय, अजून झालेलं नाही. फेरिटिनचे सहाशे रुपये आमच्याकडच्या घरांना जड जातात. मागच्या खेपेला सहा पोरींचं एकदम नेलं तेव्हा मॅडमनी चारशेच घेतले, पण तो दर भिंतीवर लावलेला नाही, विचारावा लागतो.

सकाळी साडेसातला उघडतं. मॅडम दुपारी एकपर्यंतच असतात, त्याच्या आत गाठा. पोरांना आदल्या दोन दिवसांत जड व्यायाम देऊ नका, आणि दिलाच तर काय दिला ते चिठ्ठीवर लिहून न्या. पहिला प्रश्न तोच येतो.