जोडतास मिळालाय, स्टेशन लावायची की लॅब गाठायची?

नाशिकमधल्या ज्या सर-मॅडमना ८० मिनिटांचा जोडतास मिळालाय आणि निम्मं डिजिटल, निम्मं फळ्यावर असं करायला सांगितलंय त्यांच्यासाठी. पर्याय दोन. एक म्हणजे वर्गातच स्टेशन लावायची, एक गट तुमच्याजवळ, एक टॅबवर, एक वहीत, आणि ठरलेल्या वेळी गट जागा बदलणार. दुसरा म्हणजे आधी सगळ्यांना एकत्र शिकवायचं आणि मग अख्खा वर्ग कॉम्प्युटर लॅबमध्ये न्यायचा.

स्टेशनचा वेळ आधी नीट मांडा. वीस मिनिटांची चार स्टेशन कागदावर बरोबर बसतात, पण ४८ पोरं उठून दप्तरं घेऊन सरकणार म्हटल्यावर दोन-तीन मिनिटं दर वेळी जातातच, म्हणून तीनच ठेवा, २२ मिनिटांची, उरलेल्या वेळेत सुरुवातीच्या सूचना, सरकासरकी आणि शेवटचा आढावा बसतो. फायदा एकच पण मोठा, १६ मुलांच्या वह्या तुम्ही खरंच बघू शकता, आणि मागच्या बाकावर गप्प बसणारा नेमका कुठल्या पायरीला अडतोय ते तिथेच कळतं. शिवाय दोघांत एक धरला तर आठ टॅब पुरतात, लॅबला २४ मशीन लागतात, तीही चालू असलेली!

पण एक गोम आहे जी ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही. तिसरा गट तुमच्याकडे सगळ्यात शेवटी येतो, म्हणजे एकचल समीकरणं नवीनच असतील तर तो न शिकताच टॅबवर गणितं सोडवत बसणार. त्यामुळे तिन्ही स्टेशनची कामं एकमेकांवर अवलंबून नकोत. नवा धडा असेल तर सरळ एकत्र शिकवा आणि लॅबला जा, सराव-उजळणीला स्टेशन.

लॅबला तयारी कमी लागते हे खरंय, पण जिना चढून, लॉगिन होईपर्यंत दहा मिनिटं सहज जातात आणि तिथे तुम्ही शिक्षक कमी, पासवर्डवाले जास्त. दिंडोरी-पेठकडे लाईट गेली तर तासच संपला. टॅब चार्ज असेल तर चालतो, दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवरचे व्हिडिओ आधी डाउनलोड करता येतात, फेट (PhET) या विज्ञान-गणिताच्या मोफत साइटची सिम्युलेशन तर मराठीतही आहेत आणि आधी डाउनलोड केली की नेटशिवाय चालतात.

बाकं जमिनीला ठोकलेली असतील तर मुलांना नका हलवू, टॅब आणि वर्कशीट फिरवा, तुम्ही स्वतः रांगेरांगेत जा. आवाज होणारच, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा.