कीर्तन आहे, पण ठेका शोधू नका

अमेरिकन जॅझ पियानो-हार्पवादक ॲलिस कोल्ट्रेनचा ‘कीर्तन: तुरिया सिंग्ज’ (तुरिया हे त्यांचंच आध्यात्मिक नाव) हा अल्बम पहिल्यांदा लावला तेव्हा ‘जगदीश्वर’ हे पहिलंच भजन संपायच्या आत बंद केला होता. उच्चार! संस्कृत शब्दांना अमेरिकन वळण, आणि लय इतकी संथ की ठेका धरायला जावं तर हाताला काही लागतच नाही. मी भजनाला पेटी वाजवते, त्यामुळे ही खोड जुनीच. (नावात कीर्तन आहे म्हणून पूर्वरंग-उत्तररंगही शोधू नका. एक बाई आणि एक वुर्लिट्झर ऑर्गन, बस्स.)

दुसऱ्या खेपेला कान शब्दांवरून काढून ऑर्गनकडे दिला आणि चूक कळली. माझी. आपली पेटी गळ्यामागून चालते, गायक जाईल तिथे बोटं. इथे बाई स्वर धरून ठेवतात आणि खालचे कॉर्ड (एकदम दाबलेले तीन-चार स्वर) सरकतात. स्वर तोच, पण दर कॉर्डला त्याचा रंग पालटतो. हे काही त्यांनी आपल्याकडून उचललेलं नाही, डेट्रॉइटच्या चर्चमध्ये लहानपणी वाजवलेलंच आहे हे. नाव रामाचं, बोटं गॉस्पेलची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांची. आवाज खालच्या पट्टीतला, सपाट म्हणावा इतका शांत. गळ्याची हरकत नाही, मुरकी नाही.

१९६७ मध्ये नवरा, जॅझमधला थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन, गेला. पदरात चार मुलं. पुढे गुरू म्हणून स्वामी सच्चिदानंद भेटले, मग भारतवारी, आणि १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात स्वतःचा आश्रम. ही भजनं १९८२ मध्ये कॅसेटवर आली तेव्हा त्यांवर सिंथेसायझर आणि व्हायोलिनांचा थर होता. मुलगा रवी (नाव रविशंकरांवरून) याला पुढे फक्त आवाज आणि ऑर्गन असलेलं मिक्स सापडलं, ते २०२१ मध्ये ‘इम्पल्स’ या रेकॉर्ड कंपनीने काढलं. मला हेच आवडतं. कॅसेटमध्ये त्या व्हायोलिनांच्या धुक्यात कॉर्डचं सरकणं हरवतं.

तक्रार एकच: नऊच्या नऊ भजनं जवळपास एकाच चालीने चालतात. सलग ऐकलीत तर सहाव्या-सातव्याला डुलकी लागेल. दोन-दोन ऐका. ‘यमुनातीरविहारी’पासून सुरुवात केलीत तरी चालेल.

परवा तालमीनंतर मी पेटीवर वरचा सा दाबून धरला आणि खाली तसे कॉर्ड लावून बघत होते. बुवा टाळ पिशवीत भरता भरता थांबले. म्हणाले, “काय गं, नाताळ आला का?”