विमान-अंतराचे अ‍ॅप सात महिने वापरल्यावर: अंतर चोख, वेळ बेभरवशाची

मागच्या महिन्यात मला लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून न्यूयॉर्कच्या जेएफकेला जायचे होते. विमानाचे तिकीट कार्यालयाकडून यायचे होते आणि तोपर्यंत निघण्याची वेळ तेवढी कळली होती. अ‍ॅपने अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर आणि वेळ ६ तास ४० मिनिटे दाखवली. त्या भरवशावर मी पुढच्या रेल्वेचे स्वस्त, पण पैसे परत न मिळणारे तिकीट काढून ठेवले. प्रत्यक्ष विमानाचे तिकीट हाती आले तेव्हा त्यावर जवळपास आठ तासांचा प्रवास होता. रेल्वेचे पैसे बुडाले, आणि एकेक तिकीट आठवडाभर शोधून काढणाऱ्या माणसाला हे फार लागते.

सुरुवातीला मी अंतरावरच संशय घेतला होता, तो मात्र आता मागे घेतो. अ‍ॅप पृथ्वीला पूर्ण गोल धरते, तर ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. पण त्यामुळे पडणारा फरक साधारण अर्ध्या टक्क्याच्या आतच राहतो, म्हणजे या मार्गावर फार तर २८ किलोमीटर, दोन मिनिटांचेही उड्डाण नाही. अंतराच्या बाबतीत हे अ‍ॅप विश्वासार्ह आहे.

खरा दोष असा की जाताना आणि येताना ते एकच वेळ दाखवते. ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागायचे आणि अर्धा तास मिळवायचा, एवढाच त्याचा हिशेब. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा प्रवाह, त्यात कोठेच नाही. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवर हा प्रवाह जोर धरतो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला तो ढकलतो आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याला अडवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ याच दोन विमानतळांमधील प्रवास न्यूयॉर्ककडून लंडनकडे ४ तास ५६ मिनिटांत करून गेले. उलट दिशेने तेवढ्याच अंतराला आठ तास लागतात, हे ज्या साधनाला सांगता येत नाही त्याने मिनिटांपर्यंतचा आकडा दाखवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो, आणि गजबजलेल्या विमानतळावर धावपट्टीच्या रांगेतच बराच वेळ जातो.

बंद हवाई हद्दीही अ‍ॅपला ठाऊक नाहीत. हेलसिंकी ते टोकियो हे सुमारे ७,८०० किलोमीटरचे अंतर ते नऊ तासांच्या थोडे वर दाखवते. परंतु २०२२ मध्ये रशियाने युरोपीय संघातील कंपन्यांना आपली हद्द बंद केल्यापासून फिनलंडच्या फिनएअर कंपनीची विमाने वळसा घालून जातात आणि त्यांना तेरा तासांच्या आसपास लागतात.

मी तक्रार केली. अकरा दिवसांनी उत्तर आले की वेळ केवळ अंदाजे आहे. मग ‘अंदाजे’ हा शब्द आकड्याशेजारीच छापावा आणि दोन दिशांसाठी दोन वेळा द्याव्यात, एवढीच मागणी मी पुन्हा लिहून कळवली आहे. त्याला अजून उत्तर नाही. अंतर मोफत भागातही दिसते, त्यामुळे पुढच्या वर्षाची वर्गणी मी भरणार नाही.