२४ हजारांची जुनी टेबल सॉ

बडोद्यात किंवा आसपास कुणी जुनी टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडने लाकूड चिरायचं मशीन, घ्यायच्या विचारात असेल, तर पैसे देण्याआधी एवढं वाचा. माझे २४ हजार गेले. पण त्या मशीनने त्याहून मोठं नुकसान केलं असतं, ते थोडक्यात टळलं, म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर उतरवलं तेव्हा माळ्याच्या सागवानी तुळया मी कुणाला विकू दिल्या नाहीत. आजोबा कलाभवन या इथल्या तंत्रशिक्षण संस्थेच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होते. रंधा, पटाशी, हातकरवत त्यांनीच माझ्या हातात दिली, तीही घरातल्या बाकीच्यांना मुलीने सुतारकाम करणं पसंत नसताना. त्या सागवानाचा झोपाळ्याचा पाट करायचा, एवढीच माझी इच्छा. बडोद्यातल्या घरात झोपाळा नसला की घर असल्यासारखं वाटत नाही. तुळया लातीत, म्हणजे लाकूड चिरून देणाऱ्या वखारीत, नेऊन दीड इंच जाडीच्या फळ्या करून आणल्या. पण त्या फळ्यांच्या सारख्या रुंदीच्या सरळ पट्ट्या काढायच्या तर हातकरवतीने महिनाभर लागला असता.

नवीन, नावाजलेल्या कंपनीच्या १० इंची मशीनचे भाव विचारले तर ५० हजारांच्या वरचे आकडे आले. बँकेतली नोकरी, त्यात छंदापुरतं काम. एवढे पैसे घालायला मन होईना. मग मोबाइलवर एक जाहिरात दिसली. बंद पडलेल्या कारखान्यातलं मशीन, कास्ट आयर्नचं टेबल, ३ एचपी मोटर, किंमत २४ हजार. हायवेच्या बाजूला एका शेडमध्ये ते ठेवलेलं होतं. भाच्याला सोबत घेऊन गेले.

विकणारा बोलायला अतिशय गोड. चहा मागवला, मशीन पुसून दाखवलं, माझं नाव कळल्यावर मराठीतली दोन वाक्यंही बोलला. "बेन, आमां त्रण एचपीनी मोटर छे, सागवान तो माखणनी जेम कापशे." म्हणजे सागवान लोण्यासारखं कापेल. मोटरवर ३ एचपीचं स्टिकर होतं. मग त्याने खिशातून लोहचुंबक काढून टेबलाला लावला. तो चिकटला. "जुओ, असली कास्ट आयर्न." मीही मान डोलावली.

इथेच थांबून सांगते. चुंबक कास्ट आयर्नला चिकटतो आणि साध्या लोखंडी पत्र्यालाही तितकाच चिकटतो. त्यातून फार तर एवढंच कळतं की टेबल ॲल्युमिनियमचं नाही. पत्रा आणि ओतीव लोखंड यांतला फरक बघायचा तर टेबलाच्या खाली हात घालावा लागतो. ओतीव टेबलाला खालून जाड फासळ्या असतात आणि पृष्ठभाग खरखरीत, दाणेदार लागतो. पत्र्याच्या कडा दुमडलेल्या असतात किंवा वेल्डिंगचे टाके दिसतात. बोटाच्या पेराने ठोकलं तर ओतीव लोखंड दबका आवाज देतं, पत्रा खणखणतो. माझ्या मशीनचं टेबल पुट्टी भरून, वर करडा रंग फासून जाड केलेला पत्रा होता. हे घरी आल्यावर कळलं, कारण त्याच्या शेडमध्ये मी खाली वाकून पाहिलंच नाही. त्याने वरून दाखवलं, मी वरून पाहिलं.

पुढची गोष्ट मला अजून झोपू देत नाही, कारण ती माझ्या रोजच्या कामातली होती. मशीनच्या वायरीला घरातल्या पंख्याला असतो तसा छोटा, ६ अँपिअरचा प्लग होता. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. ३ एचपी म्हणजे २२३८ वॅट, आणि तेही मोटरने बाहेर दिलेले. आत ओढते ते त्याहून जास्त. घरातली वीज २३० व्होल्टची. ६ अँपिअरच्या प्लगमधून फार तर १३८० वॅट जातात. तीन आकड्यांचा गुणाकार. दिवसभर मी आकडेच तपासते, आणि तो प्लग माझ्या हातात असताना मला हा हिशेब सुचला नाही. खऱ्या ३ एचपीच्या सिंगल फेज मोटरला भार पडल्यावर १५ अँपिअरच्या पुढे लागतात. तिला जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लग आणि जाड वायरच हवी.

डेमो त्याने १२ मिलिमीटर प्लायवर दिला. ब्लेड कोरं, चकचकीत, बारीक दातांचं. प्लाय सुरेख कापलं गेलं. मी घरून सागवानाचा तुकडा नेला असता तर मोटर तिथेच गुरगुरून थांबली असती. पण मी रिकाम्या हाताने गेले होते, आणि लाकूड कुठलं कापायचं हे त्याने ठरवलं.

ब्लेडच्या मागे काहीच दिसलं नाही, म्हणून मी विचारलं की राइव्हिंग नाइफ, म्हणजे ब्लेडमागची पट्टी, कुठे आहे, वरचं झाकण कुठे आहे. तो हसला. "ए तो बधा काढी ज नाखे छे, बेन. कारीगर माणस कोई राखतुं नथी." कारीगर कुणीच ठेवत नाही म्हटल्यावर मला वाटलं, आपणच नवखे आहोत. या एका वाक्यासाठी मी त्याला माफ करणार नाही. मोटर खोटी निघाली तर पैसे जातात. हे वाक्य माणसाला कायमचं अधू करू शकतं.

शेवटी बिलाचा विषय निघाला. बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर, म्हणजे ४,३२० रुपये जास्त. बिल नको तर २४ हजारांत घेऊन जा. मी ४,३२० रुपये वाचवले. १६ हजार रोख दिले, आठ हजार यूपीआयने, आणि ते खातं तिसऱ्याच कुणाच्या नावावर होतं. भाच्याने तेव्हाच माझ्याकडे पाहिलं होतं. मी त्याला गप्प केलं.

टेम्पोतून मशीन घरी आलं तेव्हा ब्लेड बदललेलं होतं. डेमोतलं कोरं ब्लेड गेलं, त्याजागी राळ चिकटलेलं, दोन दातांची कार्बाइडची टोकं उडालेलं जुनं ब्लेड. फोन केला तर म्हणाला, ते ब्लेड दाखवण्यापुरतं होतं. मी नवीन २४ दातांचं, लाकूड उभं चिरायला लागतं तसलं ब्लेड विकत आणलं आणि कामाला लागले. तेव्हाच थांबायला हवं होतं.

दुसऱ्या रविवारी सागवानाची फळी लावली. दीडेक फूट आत गेल्यावर मोटरचा आवाज बसला, चीर मागून मिटत असल्याचं मला दिसलं, आणि मी फळी जरा जोराने ढकलली. पुढचं इतक्या पटकन झालं की आठवतं ते फक्त धडक. फळी डाव्या बरगड्यांखाली आदळली, उलटून मागच्या गोदरेजच्या कपाटावर गेली. कपाटाला पोचा पडला आहे, तो अजून तसाच ठेवला आहे. भाचा माझ्या उजवीकडे उभा होता. तो माझ्या मागे असता तर फळी त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर होती. माझे हात वाचले, बरगडीला तडा नव्हता, तीन आठवडे कूस मात्र बदलता आली नाही.

हे का झालं, ते नीट समजून घ्या. ब्लेडचे पुढचे दात खाली जाताना लाकूड टेबलावर दाबतात. मागचे दात वर येत असतात. चिरलेलं लाकूड मागे आवळलं गेलं की ते दात त्याला पकडून उचलतात आणि चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतात. जुन्या तुळईतल्या सागवानात ताण अडकलेला असतो, चिरल्यावर दोन्ही भाग मिटू पाहतात. माझ्या मशीनचं १० इंची ब्लेड पुलीच्या हिशेबाने मिनिटाला सुमारे २९०० फेऱ्या घेत होतं, म्हणजे दातांचा वेग ताशी १३५ ते १४० किलोमीटर. राइव्हिंग नाइफ ही ब्लेडच्या लगेच मागे उभी असलेली पोलादी पट्टी, ब्लेडबरोबर वर-खाली होणारी. ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जराशी जाड, दातांनी पडलेल्या चिरेपेक्षा जराशी पातळ. चीर मिटू न देणं एवढंच तिचं काम. माझ्या मशीनला ती कुणी काढलेली नव्हती. ती लावायला जागाच नव्हती.

नंतर ओळखीच्या वायरमनकाकांना बोलावलं. त्यांनी मोटरवरचं स्टिकर नखाने उचकटलं. खाली खरी पट्टी होती: १ एचपी, १४४० आरपीएम. वाइंडिंगही पुन्हा केलेलं. मग मी स्वतः फेन्स तपासला, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून पुढे सरकवतात तो आडवा. ब्लेडच्या एकाच दाताला खूण करून तो पुढे असताना फेन्सपर्यंतचं अंतर घेतलं, मग तोच दात हाताने मागे फिरवून घेतलं. अर्थात प्लग काढून. मागे अडीच मिलिमीटर कमी. म्हणजे प्रत्येक फळी मागच्या दातांवर आवळत होती. टेबलावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पोलादी पट्टी ठेवली तर मध्ये पोस्टकार्ड सहज सरकत होतं. ही तिन्ही मोजमापं करायला मला वीस मिनिटं लागली. शेडमध्ये चहा पिण्यात त्याहून जास्त वेळ गेला होता.

विकणाऱ्याकडे गेले तर सूर पालटला. "बेन, तमने चलावतां नथी आवडतुं." म्हणजे तुम्हाला चालवता येत नाही. दुसऱ्या वेळी म्हणाला, मी तर भंगार म्हणून विकलं होतं. त्यानंतर फोन बंद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, हे सगळं कळलं. पण माझ्याकडे दाखवायला काय होतं? आठ हजारांची यूपीआयची नोंद, तीही दुसऱ्याच नावाची. ३ एचपी, कास्ट आयर्न, असं कागदावर कुठेच नव्हतं. जाहिरात त्याने काढून टाकली होती आणि मी तिचा फोटोही ठेवला नव्हता. जे ४,३२० रुपये मी वाचवले, त्यांतच माझा पुरावा होता.

मग कमी पैशांत काय करायचं, असं दोघीतिघींनी मला विचारलं. माझं मत स्पष्ट आहे. राइव्हिंग नाइफ आणि झाकण नसलेलं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नका. उलट्या मार्बल कटरवर प्लाय ठोकून केलेलं टेबलही नको. तो कटर हातात धरून वापरायला केलेला आहे, मिनिटाला दहा हजारांच्या वर फेऱ्या घेतो, आणि टेबलाखाली गेला की त्याचं बटण हाताशी राहत नाही. ५० हजार नसतील तर चांगल्या कंपनीची हातातली सर्क्युलर सॉ घ्या, सरळ ॲल्युमिनियमची पट्टी फळीवर शिकंज्याने आवळा आणि तिच्या कडेने चालवा. हौशी कामातलं बरंचसं चिरकाम त्यात होतं. जाड लाकूड लातीत चिरून घ्या, तिथे तासाभराचं काम असतं. जुनंच मशीन घ्यायचं असेल तर आपलं लाकूड घेऊन जा आणि तेच कापून दाखवायला सांगा.

झोपाळ्याचा पाट शेवटी त्या मशीनशिवायच झाला. पट्ट्या लातीतून चिरून आणल्या, रंधा मी मारला, सांधे आजोबांच्या पटाशीने केले.

ते मशीन विकत घ्यायला तीन जण आले होते. एकाने १५ हजार देऊ केले, पुन्हा रंग मारून विकेन म्हणाला. मी दिलं नाही. भाच्याने ग्राइंडरने ब्लेडचा शाफ्ट मधून कापला, मी टेबलाचा पत्रा चार ठिकाणी चिरला, मोटरवरचं ३ एचपीचं स्टिकर फाडून टाकलं, आणि मगच भंगारवाल्याला हाक मारली. जाहिरातीत वजन ९० किलो लिहिलेलं होतं. काट्यावर मोटरसकट ४१ किलो भरलं.